गडद रंगाच्या गाडीवर क्ले बार वापरताना

काळी, गडद निळी किंवा मरून गाडी नीट धुऊन, पुसून, वाळवून झाल्यावरही बॉनेटवरून तळहात फिरवला की पुष्कळदा बारीक रव्यावरून हात फिरल्यासारखी खरखर जाणवते. ही खरखर धुळीची नसते, कारण धूळ असती तर ती शाम्पूबरोबर वाहून गेली असती. रंगाच्या सर्वांत वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, रुतलेले किंवा त्याला घट्ट चिकटलेले ते कण असतात आणि ते काढण्यासाठी क्ले बार, म्हणजे क्लेची मऊ वडी, वापरतात. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर हे काम थोड्या निष्काळजीपणाने केले तरी खपून जाते. गडद गाडीवर मात्र खपत नाही.

याचे कारण साधे आहे. कोणत्याही चऱ्याच्या कडांवरून प्रकाश विखुरतो. पांढरा रंग मुळात भरपूर प्रकाश परत पाठवत असल्यामुळे चऱ्यावरून विखुरलेला प्रकाश त्यात मिसळून जातो, तर काळा रंग बहुतेक प्रकाश गिळून टाकतो आणि तोच चरा पाटीवरच्या पेन्सिलीच्या रेघेसारखा उठून दिसतो. रुतलेल्या लोखंडी कणांच्या बाबतीत नेमके उलटे घडते. पांढऱ्या गाडीवर ते गंजून नारिंगी ठिपके दिसू लागतात. काळ्या गाडीवर ते डोळ्यांना दिसतच नाहीत, केवळ हाताला लागतात. म्हणजे गडद गाडी काढायची घाण लपवते आणि काढताना झालेली चूक मात्र चारचौघांत दाखवते. म्हणूनच अशा गाडीवर क्लेने करायचे काम आधीच जितके कमी करून ठेवता येईल तितके ठेवावे, असे माझे मत आहे, आणि पुढे सांगितलेली सगळी पद्धत त्याच हिशोबाने मांडलेली आहे.

क्लेची वडी नेमके काय करते

क्ले म्हणजे माती असा शब्दाचा अर्थ होत असला तरी या वडीत माती नसते, आणि मुलांच्या खेळण्यातला क्ले किंवा घरातली मुलतानी माती तिच्याऐवजी कधीही चालत नाही. जपानमध्ये विकसित झालेली आणि १९९० च्या दशकात अमेरिकेच्या बाजारात रुळलेली ही वडी कृत्रिम, लवचिक पॉलिमरची असते आणि तिच्यात अतिशय बारीक घासणारे कण मिसळलेले असतात. निसरड्या द्रवाचा थर देऊन ती रंगावरून सरकवली की पृष्ठभागाच्या वर डोके काढलेले कण तिच्यात अडकतात आणि उपटले किंवा छाटले जातात. जे वर आलेले नाही त्याला ती धरू शकत नाही. त्यामुळे पक्ष्यांच्या विष्ठेने खाल्लेले डाग, क्षारयुक्त पाण्याने खोलवर उमटवलेली वर्तुळे आणि जुने ओरखडे क्लेने जातील ही अपेक्षा चुकीची आहे. ते काम पॉलिशचे आहे.

कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाच्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते आणि त्यांतला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा. छपाईचा साधा कागद १०० मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे ज्या थरावर आपण क्ले फिरवतो तो कागदाच्या निम्म्या जाडीचा आहे. एकदा क्ले फिरवल्याने तो झिजून जात नाही. पण क्लेने पडलेले चरे काढण्यासाठी पॉलिश करावे लागते, आणि प्रत्येक पॉलिश या थरातून थोडे थोडे खर्च करत जाते.

वड्या सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा प्रतींत मिळतात. गडद गाडीसाठी केवळ सौम्य प्रत घ्यावी. निळी वडी सौम्य आणि लाल वडी तीव्र असा संकेत अनेकांच्या तोंडी असतो, पण सर्व उत्पादक तो पाळतात असे नाही, म्हणून रंगावर न जाता वेष्टनावर लिहिलेली प्रत वाचावी. क्लेचा थर दिलेली फडकी आणि हातमोजे अलीकडे लोकप्रिय झाले आहेत. ते भराभर काम करतात आणि खाली पडले तरी धुऊन पुन्हा वापरता येतात. मात्र त्यांची पकड मोठ्या भागावर असल्यामुळे बोटांखाली काय अडकले आहे हे वडीइतके कळत नाही. पहिल्यांदाच काळ्या गाडीवर काम करणाऱ्याने वडीच घ्यावी.

क्लेच्या आधीचे काम

खरखर कशाची आहे हे ओळखले तर निम्मे काम क्लेशिवाय होते. मुंबईत लोकलच्या रुळांलगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे कण बसतात; आपल्या आणि इतरांच्या गाड्यांच्या ब्रेकमधूनही तेच येतात. पावसाळ्यानंतर खड्डे बुजवायला सुरुवात झाली की दारांच्या खालच्या भागावर डांबराचे थेंब दिसू लागतात. सोसायटीचे रंगकाम चालू असताना वाऱ्याबरोबर आलेले रंगाचे तुषार बसतात. आणि मोहराच्या दिवसांत आंब्याखाली उभ्या केलेल्या गाडीवर तुडतुड्यांनी सोडलेला चिकटा पडतो, ज्यावर पुढे काळी बुरशीही धरते.

यांपैकी चिकट्याला क्ले लागतच नाही. तो साखरेचा असतो आणि पाण्यात विरघळतो. कोमट पाण्यात भिजवलेले फडके दहा मिनिटे वर ठेवून मग शाम्पूने धुतले की बहुतेक वेळा तो निघून जातो. सिमेंटचे शिंतोडे मात्र क्लेने काढण्याचा प्रयत्नही करू नये, कारण त्यांतली वाळू सुटून वडीखाली आली की ती बॉनेटभर फिरते. त्यांच्यासाठी सिमेंट विरघळवणारे वेगळे द्रावण लागते आणि ते जाणकाराच्या हातून लावून घेतलेले बरे.

धुण्यासाठी दोन बादल्या घ्याव्यात, एक शाम्पूची आणि दुसरी मिट, म्हणजे गाडी धुण्याचा मऊ हातमोजा, खळबळण्याची. आधी पाण्याच्या फवाऱ्याने सुटी धूळ पूर्ण काढावी आणि मगच मिट टेकवावे. महाराष्ट्रातल्या बहुतेक सोसायट्यांत रोज सकाळी गाड्या पुसण्याची पद्धत आहे आणि गडद गाड्यांवर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे बरेचसे त्यातूनच आलेले असतात. पुसणाऱ्याचा यात दोष नाही. एका बादलीत आणि एका फडक्यात वीस गाड्या उरकायच्या असतील तर दुसरे काही होणे शक्य नाही. पण क्ले आणि पॉलिश यांवर एक दिवस घालवणार असाल तर दुसऱ्या दिवसापासून ते कोरडे पुसणे बंद करायला सांगावे.

धुऊन झाल्यावर लोखंडी कण विरघळवणारे द्रावण, म्हणजे आयर्न रिमूव्हर, मारावे. त्यातले थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावते आणि द्रव जांभळा होतो. काळ्या गाडीवर हा जांभळा रंग पत्र्यावर दिसत नाही, त्यामुळे काही होत नाही असे वाटून लोक पुन्हा पुन्हा फवारतात. प्रत्यक्षात दाराच्या खालच्या कडेवरून गळणारे थेंब पाहिले की ते दिसते. पत्रा थंड असावा, द्रव रंगावर वाळू देऊ नये आणि वेष्टनावर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबू नये. या द्रवाला कुजक्या अंड्यासारखा उग्र वास येतो, म्हणून हातमोजे घालून उघड्या जागेतच काम करावे. तळघरातल्या बंद पार्किंगमध्ये ते करू नये. डांबरासाठी टार रिमूव्हर फडक्यावर घेऊन थेंबावर टेकवावा, अर्धा मिनिट थांबावे आणि घासण्याऐवजी टिपून घ्यावे. रॉकेलने डांबर सुटते हे खरे, पण मागे तेलकट थर राहतो. पेट्रोल तर आगीच्या धोक्यामुळे वापरूच नये. ही दोन्ही द्रावणे वापरून झाल्यावर गाडी पुन्हा एकदा शाम्पूने धुवावी.

आता पिशवीची चाचणी करावी. पातळ, स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून बोटांची टोके ओल्या रंगावरून अलगद सरकवली की उघड्या बोटांना न कळणारे कणही जाणवतात, कारण त्वचेची स्वतःची पकड मध्ये येत नाही. महाराष्ट्रात २०१८ पासून पातळ कॅरीबॅगवर बंदी असल्याने तशी पिशवी घरात सापडेलच असे नाही. नव्या शर्टाचे वेष्टन त्यासाठी उत्तम चालते. चाचणी प्रत्येक भागावर वेगळी घ्यावी आणि खरखरणाऱ्या भागांची नोंद ठेवावी. आडवे भाग, म्हणजे बॉनेट, टप आणि डिकीचे झाकण, बहुधा खराब असतात. दारांचा वरचा अर्धा भाग पुष्कळदा आयर्न रिमूव्हरनंतर गुळगुळीत झालेला आढळतो. जिथे बोट अडखळत नाही तिथे क्ले फिरवण्याचे काही कारण नाही. हौसेने सगळी गाडी क्ले करणारे लोक पाहिले की मला दुखत नसलेला दात काढून घेणारा माणूस आठवतो.

कुठे फिरवू नये

मॅट रंगावर क्ले फिरवल्यास त्या जागी चमकदार पट्टा उमटतो आणि तो परत मॅट करता येत नाही. उन्हाने क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटू लागलेल्या टपावर वडी कडेला अडकून आणखी पापुद्रे उचलते. नुकत्याच रंगवलेल्या भागाला रंग पूर्ण सुकून घट्ट होईपर्यंत हात लावू नये. ती मुदत रंग करणाऱ्या गॅरेजलाच विचारावी. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर वेगळा लावून घेतलेला संरक्षक थर, क्लेमुळे झिजते, म्हणून ते लावलेले असेल तर कोटिंग करणाऱ्याच्या सल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. बंपरखालच्या रंग न दिलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या खाचांत क्ले भरून बसतो आणि सहज निघत नाही.

जागा, वेळ आणि निसरडा थर

सावली आणि थंड पत्रा या दोन अटी टाळता येण्यासारख्या नाहीत. एप्रिलच्या एका सकाळी नऊ वाजता सावलीत सुरू केलेले माझे काम साडेदहापर्यंत उन्हात आले आणि काळ्या बॉनेटवर वडी लोण्यासारखी पसरली. तिचा चिकट थर काढण्यात आणि त्याखालची राखाडी झाक पॉलिश करण्यात तो रविवार गेला. तळहात पत्र्यावर आरामात ठेवता आला पाहिजे, हीच मर्यादा समजावी. उलट नाशिकच्या थंडीत पहाटे वडी दगडासारखी होते. तेव्हा ती पिशवीसकट पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवून मऊ करावी, कारण कडक वडी चरे पाडते.

निसरड्या थरासाठी क्लेसाठीच बनवलेला ल्युब्रिकंट वापरावा. गडद गाडीवर काटकसर करण्याची ही जागा नाही. पाण्याने न धुता वापरायचे नो-रिन्स वॉश त्यासाठी चालते, पण क्लेसाठीचे प्रमाण उत्पादकाने वेगळे दिलेले असेल तर तेच घ्यावे. भांडी घासण्याचा साबण मेण उतरवतो आणि हवा तसा निसरडेपणा देत नाही, म्हणून तो टाळावा. पातळ करण्यासाठी बोअरचे पाणी घेऊ नये. थेंब वाळले की त्यातले क्षार नेमके काळ्या रंगावर पांढरी वर्तुळे होऊन बसतात. घरच्या पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राचे किंवा बॅटरीत घालण्याचे डिस्टिल्ड पाणी घ्यावे.

क्ले फिरवण्याची रीत

वडीचे तीन-चार तुकडे करावेत. सगळी वडी एकदम हातात घेऊ नये, कारण ती खाली पडली तर सगळीच फेकावी लागते. एक तुकडा कणकेसारखा मळून तीन बोटांखाली मावेल एवढी चपटी चकती करावी. तिची जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर असावी. चकती फार पातळ झाली तर बोटांचा दाब एकेका ठिकाणी उमटतो.

सुरुवात बॉनेटच्या मधोमध कधीही करू नये. डिकीच्या कोपऱ्यावर किंवा मागच्या दारामागच्या पत्र्यावर एक वीतभर जागा निवडावी, तिथे पूर्ण पद्धतीने क्ले फिरवावा, पुसावे आणि मोबाइलचा दिवा तिरपा धरून पाहावे. पार्किंगमधल्या ट्यूबलाइटचा प्रकाश पसरट असतो आणि तो चरे लपवतो. एका बिंदूतून येणाऱ्या प्रकाशातच ते दिसतात. या वीतभर जागेवर पुसट राखाडी झाक आली तर ल्युब्रिकंट वाढवून, दाब कमी करून दुसरी जागा घ्यावी. तरीही झाक येत असेल तर या गाडीचा क्लिअर कोट मऊ आहे असे समजावे आणि पॉलिशची तयारी असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चाचणी समाधानकारक झाली की सुमारे दोन वीत लांब आणि तितकाच रुंद भाग घ्यावा. त्यावर ल्युब्रिकंट इतका मारावा की तो ओघळू लागेल, आणि चकतीवरही फवारावा. मग चकती बोटांच्या वजनाइतक्याच दाबाने, गाडी धावताना वारा ज्या दिशेने जातो त्या दिशेने, वीत-दीड वीत पुढे-मागे सरळ सरकवावी. गोल फिरवू नये. सरळ चरे ठरावीक कोनातूनच दिसतात, पण गोल चरे प्रत्येक कोनातून प्रकाश पकडतात. पहिल्या काही फेऱ्यांत बारीक खरखर ऐकू येते आणि हाताला अडथळा लागतो; चारपाच फेऱ्यांत आवाज थांबतो आणि चकती सरकू लागते. त्या क्षणी थांबावे. आवाज थांबल्यानंतरची प्रत्येक फेरी केवळ रंगावर खर्च होते. एखादा कण आठ-दहा फेऱ्यांत निघत नसेल तर जोर लावू नये. त्या जागी आयर्न रिमूव्हर किंवा टार रिमूव्हर पुन्हा एकदा वापरून पाहावा. चकती कुठेही चिकटल्यासारखी वाटली तर तिला ओढू नये, ल्युब्रिकंट मारून मगच हलवावी.

एक भाग झाला की चकतीचा तळ पाहावा. गडद गाडीवर काम नीट चालले आहे याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा रंगावर नसतो, तो इथे असतो: फिकट वडीवर करडे-तपकिरी पट्टे उमटलेले दिसतात. ते दिसताच चकती दुमडून, मळून स्वच्छ बाजू वर आणावी. त्या पट्ट्यांत गाडीचा काळा रंग दिसू लागला तर वर क्लिअर कोट नसलेला जुन्या पद्धतीचा एकथरी रंग असण्याची शक्यता असते. अशा वेळी थांबून जाणकाराला दाखवावे. चकती जमिनीवर पडली तर ती धुऊन घेण्याचा मोह होतो, पण वडीत रुतलेली वाळू धुऊन निघत नाही. तो तुकडा कचऱ्यात टाकावा.

क्रम वरून खाली ठेवावा: टप, बॉनेट, डिकी, मग दारांचा वरचा भाग. चाकांमागचा आणि दारांखालचा भाग शेवटी घ्यावा आणि त्यासाठी वेगळा तुकडा ठेवावा; तिथली रेती वर आणू नये. समोरच्या काचेवर क्ले उत्तम काम करतो आणि वायपरची खरखरही बरेचदा कमी होते, पण काचेवर फिरवलेला तुकडा पुन्हा रंगावर आणू नये.

झाल्यानंतर

प्रत्येक भाग संपताच ल्युब्रिकंट वाळण्यापूर्वी मऊ, लांब धाग्यांच्या मायक्रोफायबरने टिपून घ्यावा. पूर्ण गाडी झाल्यावर ती शाम्पूने एकदा हलकेच धुवावी, वाळवावी आणि पिशवीची चाचणी पुन्हा घ्यावी.

काळजी घेऊनही काळ्या रंगावर थोडे तरी पुसट चरे उमटतात, ही गोष्ट विक्रेते फारशी सांगत नाहीत. म्हणून गडद गाडीसाठी क्ले आणि सौम्य फिनिशिंग पॉलिश हे एकच काम समजून वेळ काढावा. क्लेने जुने मेण उतरलेले असल्यामुळे पॉलिश चांगले बसते. हाताने करायचे असेल तर फोमच्या पॅडवर थोडेसे पॉलिश घेऊन लहान भागात करावे. पुसट झाक त्याने जाते, खोल चरे जात नाहीत. यंत्राने करायचे असेल तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर वापरावा, कारण एकाच अक्षावर गरगर फिरणारे रोटरी यंत्र नवशिक्याच्या हातात क्लेपेक्षा कितीतरी मोठे नुकसान करते. त्याच दिवशी कार्नोबा मेण किंवा कृत्रिम सीलंट लावून टाकावे. उघडा क्लिअर कोट घेऊन गाडी रात्रभर झाडाखाली उभी करू नये.

इथल्या हवेत वर्षातून एकदा क्ले पुरेसा होतो आणि माझ्या मते त्याची वेळ पाऊस संपल्यानंतरची, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर, ही आहे. हवा थंड झालेली असते, पावसाळ्यातले डांबर आणि लोखंडी कण एकाच वेळी निघतात, आणि जानेवारी-फेब्रुवारीत मोहराचा चिकटा पडू लागेपर्यंत रंगावर ताजे मेण असते, ज्यावरून तो लवकर सुटतो. उरलेले स्वच्छ तुकडे थोडा ल्युब्रिकंट शिंपडून हवाबंद डबीत ठेवावेत. कोरडे पडून तडकलेले तुकडे पुन्हा मळण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावेत. काचेचा, दारांखालचा आणि बॉनेटचा तुकडा वेगवेगळ्या डब्यांत ठेवून डब्यांवर नावे लिहावीत, कारण पुढच्या वर्षी कोणता तुकडा कुठे फिरवला होता हे आठवत नाही.